तस्नीमबद्दल कुणी कळवलं

"बॅग उचल ना, बसू दे मला," अनन्या म्हणाली.

"जागा भरलीये," कादंबरी म्हणाली.

स्कूलबसमधली ती जागा पाच आठवडे रिकामी होती, हे अख्ख्या बसला ठाऊक होतं. अनन्या मागे जाऊन बसली.

जागा तस्नीम परकारची. दोघींची घरं अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, एकाच रस्त्यावर, समोरासमोर. एकीचे आईबाबा पुण्याचे, दुसरीचे कोकणातल्या खेडचे. केजीपासून दोघी शेजारी बसत आल्या होत्या. कादंबरीला "कादू" म्हणायची परवानगी जगात फक्त तस्नीमला होती. आता ती हाक ऐकूनही पाच आठवडे झाले होते.

झालं होतं असं. मार्चमध्ये, रमजान चालू असताना, केमिस्ट्रीच्या तासाला दोन सिक्युरिटी ऑफिसर आले आणि तस्नीमला घेऊन गेले. तिची बॅग उलटी केली, लॉकर रिकामा केला आणि घरी न कळवता दोन तास प्रश्न विचारले. बाबा कुठल्या मशिदीत जातात? फोनवर कोणाशी बोलतेस? कोणाची काळजी वाटली किंवा संशय आला तर नाव न देता कळवायचं शाळेचं एक ॲप होतं; त्यावर कोणीतरी तिच्याबद्दल कळवलं होतं म्हणे. सापडलं काय, तर नमाजाची घडी केलेली चटई आणि बायोलॉजीच्या नोट्स. तरीही शाळेच्या वॉशिंग्टन ट्रिपमधून तिचं नाव काढलं. परकार काकांनी मग तिला सरळ दुसऱ्या शाळेत घातलं.

तेव्हापासून तस्नीमचा एक मेसेज नाही. कादंबरी रोज रस्ता ओलांडून बेल वाजवायची. तस्नीमची अम्मी दार उघडायची आणि म्हणायची, "अभ्यास करतेय ती." वरच्या खिडकीचा पडदा हलायचा, एवढंच. समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते, हे कादंबरीला नवीनच होतं.

मग ती पेटली. वर्गात हात वर करायचा तर आधी दहादा विचार करणारी मुलगी, तिने तस्नीमच्या बाजूने दोनशे चौदा सह्या जमवल्या. कोल्टन नावाच्या मुलाला कँटीनमध्ये गाठलं, कारण तो तस्नीमच्या हिजाबवरून जोक मारायचा.

"तूच कळवलंस ना?"

"मी मूर्ख आहे," कोल्टन म्हणाला, "पण चुगलखोर नाहीये."

तिचा विश्वास बसला नाही.

स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तिला बोलायला तीन मिनिटं मिळाली. "ऑक्टोबरमध्ये अनन्या नवरात्राच्या उपासाने जिममध्ये चक्कर येऊन पडली," ती माइकमध्ये म्हणाली. "ॲपवर कळवल्यावर कौन्सेलर धावत आल्या. तिला लिंबूपाणी दिलं, रोज दुपारी त्यांच्या खोलीत आडवं पडायला दिलं. तस्नीमचेही उपासच होते. तिची मात्र झडती झाली. यात फरक कशाचा, ते मला सांगा."

मागच्या रांगेत तिचे बाबा, श्रीरंग, टाळ्या वाजवायला लागले. आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावरही ते थांबले नाहीत.

"वकील हो तू," परत येताना गाडीत ते म्हणाले. "निदान माझी पार्किंगची तिकिटं तरी सुटतील."

"बाबा, ती बोलेल ना माझ्याशी?"

बाबांनी उगाचच आरसा नीट केला. "बोलेल की. तिच्यासाठी एवढं कोण करतं?"

आठवड्याने बोर्डाचा मेल आला. झाल्या प्रकाराबद्दल खेद. ट्रिपमध्ये तस्नीमची जागा परत. तिला हवं असेल तर शाळेतलीसुद्धा.

कादंबरी पायात चपला न घालताच रस्ता ओलांडून पळाली. आणि आज दार तस्नीमनेच उघडलं. ती बारीक झाली होती.

"मेल वाचलास?" कादंबरीला धाप लागली होती. "ट्रिप तुझी. बसमध्ये खिडकीची सीट तुला, कॉलेजला जाईपर्यंत. मी भांडणारसुद्धा नाही."

तस्नीमच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. "ये आत," ती म्हणाली.

एवढ्यावरही कादंबरीने बसमधल्या दहा सीट दिल्या असत्या.

तस्नीमची अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काकू, आता एकच राहिलंय," कादंबरी म्हणाली. "शाळेकडून हिची फाइल मागा. आईवडिलांनी मागितली की द्यावीच लागते. त्यात तो रिपोर्ट असणार. कोणी कळवलं ते एकदा कळू दे, मग मी आहे आणि तो आहे."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मागवली, बेटा," अम्मी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."

"अम्मी, राहू दे ना," तस्नीम म्हणाली.

"किती दिवस राहू देऊ? ही रोज खाली बेल वाजवते, तू रोज वर रडतेस." अम्मीने ड्रॉवर उघडला. "वाच, कादंबरी. बसून वाच."

एकच पान होतं. "माझी मैत्रीण तिची नानी गेल्यापासून रात्रीही नीट जेवत नाहीये. दुपारी स्टेजच्या मागे एकटी नमाज पढते आणि खूप रडते. कोणाला सांगू नकोस म्हणते. मला तिची काळजी वाटते. प्लीज, तिच्याशी कोणीतरी प्रेमाने बोला." 'एकटी नमाज' आणि 'कोणाला सांगू नकोस' यांच्याखाली शाळेत कोणीतरी लाल रेघा मारल्या होत्या. नानीच्या वाक्याखाली काहीच नव्हतं. पानावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण 'प्रेमाने' हा शब्द कादंबरीने अगदी शेवटी, पाठवायच्या आधी, मुद्दाम घातला होता.