मालक आले

प्रार्थनेहून घरी निघालेली ग्लेनिस जुन्या पबपाशी थांबली. आता तिथे गालिच्यांचं दुकान होतं. बाहेरच्या बाकावर तिच्या वडिलांचे जुने सोबती, एनॉककाका, ऊन खात बसले होते. कितीतरी वर्षं मनात सलणारं तिने शेवटी विचारून टाकलं.

"काका, आई मला बाबांना बोलवायला पाठवायची. मी दारात दिसले की ते सगळ्यांदेखत म्हणायचे, 'मालक आले, आता उठायला हवं.' सगळा पब हसायचा. माझी अशी थट्टा का करायचे ते?"

"थट्टा कसली, पोरी? आमच्यात प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांना बिअर पाजायची. मधेच उठला तो फुकट्या. तुझ्या बापाला, विल्फला, दोन ग्लासांच्या वर नको असायची, पण उठणार कसा? लेकरूच न्यायला आलं म्हटल्यावर मात्र कोण अडवणार? जळायचो आम्ही त्याच्यावर. आमची कार्टी कधी फिरकली नाहीत."

तेराव्या वर्षी ग्लेनिसने आईला ठणकावलं होतं, त्या दारात मी पुन्हा जाणार नाही. त्यानंतर बाबा रोज रात्री पब बंद होईपर्यंत बसू लागले, आणि ती त्यांना दारुडा म्हणू लागली. ते गेले तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

"तू यायची थांबलीस," काका सहज बोलून गेले, "तरी दाराकडे तोंड असलेली खुर्ची त्याने शेवटपर्यंत कुणाला दिली नाही."