उष्टावणाचं दूध

"काढा की अंगठी, मामा! पोरगी कवाची आ करून बसलीय," तनुजाच्या सासूबाई मनकर्णाबाई म्हणाल्या आणि खोलीत हशा पिकला.

रामेश्वर नुसताच हसला. पुढ्यात बहिणीची, तनुजाची सात महिन्यांची लेक होती, आणि मांडीवर त्याने चितेगावहून आणलेला स्टीलचा डबा. त्यांच्यात रीतच तशी. भाचीच्या उष्टावणाला मामाने यायचं, घरच्या जनावराच्या दुधात सोन्याची अंगठी बुडवायची आणि पहिला थेंब बाळाच्या जिभेवर ठेवायचा. पिढ्यान् पिढ्या जनावरांवर जगलेल्या घराण्याची सगळी अब्रू त्या थेंबात.

पण जनावरं होती कुठे? दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. आधी चारा संपला, मग पाणी. शेवटची गाय गेल्या पोळ्याच्या आधीच बाजाराला गेली. गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते. हे मुकुंदवाडीला लेकीच्या सासरी कळता कामा नये, असं आईने, सारजाबाईने बजावलं होतं. "माझ्या लेकीला टोमणं खावं लागतील. तू कंपनीत हायेस नव्हं? तिथली मलई आण अन् पाण्यात कालव. कुणाला कळतंय?"

रामेश्वरला कळत होतं, तीच तर पंचाईत होती. गावालगतच्या त्या कंपनीत टाकीत माल ओतायचं काम त्याचंच. केशर-वेलची मलई! कंपनीच्या डब्यावर हिरव्यागार कुरणात चरणारी गाय. तसं कुरण पंचक्रोशीत कुणी पाहिलं असेल तर स्वप्नातच. टाकीत पडायचं पामतेल, मग साखर, दाटपणा आणणारी पावडर, पिवळा रंग, केशराचा वास आणि माल महिनोन् महिने टिकावा म्हणून आणखी कसलंसं औषध. दुधाची भुकटी नावापुरती. कंपनीला खोटारडी म्हणायचीही सोय नव्हती. 'लहान बाळांना देऊ नये' हे डब्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं. टाक्या धुतलेलं पांढुरकं पाणी मागच्या ओढ्यात सोडायचे. गावाला टँकरची वाट बघावी लागे आणि तो ओढा मात्र भर उन्हाळ्यात वाहायचा. दुसऱ्यांच्या तहानलेल्या शेळ्या काठापर्यंत जायच्या, वास घ्यायच्या आणि माघारी फिरायच्या. रामेश्वर ते बघायचा आणि मान खाली घालून कामावर जायचा. घरात दुभतं असं आता त्याच्या नोकरीशिवाय काही राहिलं नव्हतं.

"मामा, लाजताय का काय?" कुणीतरी म्हणालं.

त्याने भाचीकडे पाहिलं. मनगटं अगदी काटकुळी. पोरीने जन्मल्यापासून अंगच धरलं नव्हतं. तनुजाला दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध चालू करायला सांगितलं होतं. मनकर्णाबाईंची म्हैस शेतावर बांधलेली असते म्हणे, तेवढाच पोरीला आधार. आणि सख्खा मामा उष्टावणाला तिच्या जिभेवर काय ठेवणार, तर तेल! खरं बोलावं तर आईचं नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर हे पाप माथी.

"मावशी," तो एकदम म्हणाला, "हे नगं. दूध नासलंय. एसटीत लई ऊन लागलं."

उष्टावणाचं दूध नासलं, तेही मामाच्या हातचं! तनुजाने मान खाली घातली. कोपऱ्यातली एक म्हातारी नुसतीच चुकचुकली. रामेश्वरच्या कानशिलांना आग लागली होती. तरी त्याला आतून मोकळं वाटलं. अब्रू गेली तर गेली, पोरीच्या पोटात तर जात नाही ना.

मनकर्णाबाईंनीच सावरून घेतलं. "असू द्या, पाव्हणं. उन्हापुढं कुणाचं चालतंय? माझी खीर तयारच हाय."

चांदीची वाटी आली. रामेश्वरने घाईघाईने अंगठी काढली, खिरीत बुडवली आणि थेंब भाचीच्या जिभेवर ठेवला. तिने ओठ चाटले आणि त्याचं बोटच धरून ठेवलं. पुन्हा हशा झाला. रामेश्वरही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पाहुणे जेवायला उठले, तशा मनकर्णाबाई नातीला मांडीवर घेऊन त्याच्याजवळ सरकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी चारचौघांत दूध नासल्याचं कबूल केलं, म्हणून मी बी सांगते. तुमच्या आईला बोलू नका. तनुजालाबी माहेरी सांगायचं नाय म्हणून शपथ घातलीय. आमची म्हैस चैत्रातच इकली ओ. पाण्यावाचून मुकं जनावर किती दिवस ठिवायचं?"

"मग ही खीर?"

"तुमच्याच कंपनीच्या मलईची. तवापसून हिला रोज तीच देते, पाण्यात कालवून. दुकानदार म्हणला, बारक्या लेकराला नगा देऊ. मी म्हणलं, हिचा मामा हाय तिथं. जनावरांत वाढलेला माणूस दुधात खोट चालू देईल व्हय?"

मनकर्णाबाईंनी नातीचं मनगट दोन बोटांत धरलं आणि त्याच्यापुढे केलं.

"तुमी जाणकार, म्हणून इचारते. रोज एवढं पोटात जातंय, तरी पोरगी अंग का धरंना?"