त्रुटीची रेघ

आलेखावर ऋजुताच्या ठिपक्यावरची त्रुटीची रेघ चार मिलिमीटर होती. नेने मॅडमच्या ठिपक्यावरची, आजवरची सगळ्यांत आखूड, नऊ. न्यूट्रॉन किती काळ टिकतो, हे विद्यार्थिनीने मॅडमपेक्षा दुप्पट नेमकं मोजलं होतं.

उत्तर मात्र अजून झाकलेलं होतं. मोजणाऱ्याच्या मनाने उत्तर ओढू नये, म्हणून त्यात मिसळलेला गुप्त आकडा फक्त मॅडमना ठाऊक होता. आणि महिनाभर त्या नवनव्या तपासण्या सुचवत होत्या.

"मॅडम, आता काय राहिलं?"

"चुंबक पुन्हा तपास."

"तपासला की! खरं कारण सांगा ना."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझी रेघ बघवत नाही गं मला."

"मलाही तुमची बघवत नव्हती," ऋजुता म्हणाली. "म्हणून तर इथे आले."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "लिहून घे. आकडा सांगते."