जवळ बसायची जागा

तापीतली रेती काढणाऱ्या नावेवरच ग्यानोबा आणि अंजनाबाईचा संसार होता. भाडं नाही, वारा मोकळा. पण नाव अरुंद. ती डावीकडे चुलीशी बसली की तो उजव्या काठाला बसे, नाहीतर नाव कलायची. नवराबायकोला शेजारी बसायची सोय नव्हती.

"जमिनीवर खोली झाली, की बसंन तुमच्याजवळ," ती म्हणायची.

प्लेगच्या साली अर्धी सुरत पळाली, तेव्हाच ती तापानं गेली.

तिला पोचवून आल्यावर ग्यानोबा सवयीनं उजवीकडे बसला. नाव कलली नाही. त्यानं भरलेली घागरही आपल्याकडे ओढली. तरी नाव सरळच.

सांजेला धाकटा भाऊ काठावरून ओरडला, "दादा, चला आता. बमरोलीत खोली मिळालीय!"

ग्यानोबा उठला आणि चुलीशी, तिच्या जागेवर जाऊन बसला. कोणीतरी समजून पलीकडे सरकावं, तशी नाव सरळच राहिली.

समोरच्या रिकाम्या काठाकडे बघून तो म्हणाला, "खोली मिळाली गं. आता तरी बस जवळ."

नाव हळूहळू त्याच्या बाजूला कलू लागली. काठावरून पाणी आत आलं, थंड चुलीत शिरलं.

ग्यानोबानं अंग चोरून जागा केली.