कडीचा टाक

"पोरी, राख दे जराशी," फुलाबाईनं हात पुढं केला आणि मंगलनं राखेची वाटी परातीजवळ आपटली.

उद्या घट बसायचे होते. ओसरीवर परातीत घरातले सगळे देव उतरवून ठेवले होते. खंडोबा, जानाई आणि वाडवडलांचे, चांदीच्या पत्र्यावर मूर्ती ठसवलेले लहानलहान टाक. देव उजळायचं काम दरवर्षी मायलेकीच करायच्या. त्यासाठी मंगल वरव्याहून माहेरी यायची. यंदा ती पहिल्या एसटीनं आली आणि आल्यापासून तिचा एकच धोशा चालला होता. तिचं नाव काय होतं?

परवा नसरापूरच्या स्टँडवर तिला चंद्राबाई भेटली होती. वडलांच्या, आबांच्या मूळ गावची. ते गाव कधीच धरणाखाली गेलं, माणसं चहूकडं पांगली. म्हातारीनं मंगलचा गाल कुरवाळला आणि सहज बोलून गेली, की फुलाबाईनं सवतीचं लेकरू बाकी तळहातावर वाढवलं हो. मंगल हसली. गाडीत बसल्यावर तिला त्या बोलण्याचा अर्थ लागला. पन्नाशीच्या, नात मांडीवर खेळवणाऱ्या बाईला.

भाऊ गोरख फोनवर म्हणाला, आता कशाला उकरून काढतेस. त्याचं काय, त्याची सख्खी आई जिवंत होती.

फुलाबाईनं नाकारलं काहीच नाही. व्हय, म्हणाली. बाळंतपणातच गेली. तुजं बारसंबी व्हायचं हुतं तवा म्या आले. एवढंच. नावाचं विचारलं की चिंच लई भिजली म्हणायची, कोंबड्या हाकायची, उठून गाईला पाणी दाखवायला जायची. सकाळपासून गाईनं तीनदा तोंड फिरवलं होतं.

मंगलनं परातीतला एक टाक उचलला. ह्या एकालाच वर कडी होती. आबा होते तोवर तो आईच्या गळ्यात असायचा, काळ्या दोऱ्यात. दुसरेपणावर आलेल्या बाईनं आधीच्या बायकोचा टाक गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला निवद दाखवायचा, ही रीत मंगलला ठाऊक होती. सासरच्या भावकीत पाहिलीही होती. पण आईच्या गळ्यात आहे ती जानाई, असंच ती धरून चालली होती. आबा गेले तेव्हा मंगळसूत्राबरोबर तोही उतरला आणि देव्हाऱ्यात गेला. तेव्हाही तिनं विचारलं नाही.

तिनं टाक उजेडात धरला. उभी बाई. लुगड्याच्या निऱ्या दिसत होत्या, हातातल्या बांगड्यासुद्धा. तोंडाच्या जागी मात्र नुसती खळगी.

"घासून घासून तोंड पुसलंस तिचं," ती म्हणाली.

"म्या न्हाई. तू चावलंस." फुलाबाई घासतच राहिली. "दात येत हुते तवा. मांडीवर घेतलं की ह्योच तोंडात. काढून घ्यावा तर रडून काळीनिळी व्हायचीस. मग म्या काढायचंच सोडलं."

 मंगलची नातही सध्या हाताला लागेल ते हिरड्यांनी रगडत होती. कालच तिनं मंगलच्या मंगळसूत्राची वाटी धरली होती, सोडवता सोडवेना.

पण नाव ते नाव.

"एवढं तरी सांग, आई."

"सवतीचं नाव घ्याचं नसतं."

"का?"

"घेतलं की ती येती." फुलाबाईनं खंडोबा पालथा केला. "लेकराला न्यायला."

"कुठल्या लेकराला? गुडघे गेलेत माझे. नेईना का मला."

"गप."

त्या एका शब्दानं मंगलच्या मनातलं सगळं वर आलं. गोरखला आई बांधावरून नावानं हाक मारायची, गाव ऐकायचं. तिला मात्र पोरी, नाहीतर बाय, नाहीतर नुसतं अगं. शाळेत नाव घालायला आबा गेले. सासरी पाठवताना गळ्यात पडून रडली, तीही माझी बाय म्हणूनच. लहानपणी मंगलला वाटायचं, आईला आपलं नाव येत नसावं. परवापासून तिला निराळंच वाटत होतं.

"गोरखला गोरख म्हणतेस. मला जन्मात एकदा तरी नावानं हाक मारलीस? सवतीची म्हणूनच ना?"

फुलाबाईचा हात थांबला. कोंबडी परातीपाशी येऊन टोचा मारून गेली, तरी तिनं हाकलली नाही.

"तुज्या आबाला म्या लई सांगितलं," ती म्हणाली. "पाया पडले. दुसरं कायबी नाव ठिवा पोरीला. न्हाई ऐकलं. तिचंच ठिवलं."

मंगलनं स्वतःचंच नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

फुलाबाईनं टाक तिच्या हातून घेतला, पाण्यात विसळला, पदरानं टिपला आणि परत तिच्या तळहातावर ठेवला. "कुकू लाव तिला. माज्या हातानं चालत न्हाई आता."

मंगलनं करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवून टाकावर आणलं आणि तिथंच अडलं. कपाळ कुठं संपतं, हनुवटी कुठं लागते, काही कळेना. पुन्हा तिच्या डोक्यात तिडीक उठली. आईची, आबांची, आपल्याच दातांची. 

फुलाबाईनं ते बोट धरलं, किंचित वर नेलं आणि टेकवलं.

"हितं," ती म्हणाली. "हितं लाव, पोरी."