जांभळा ठिपका

मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बघा, आता एकदाही बंद पडत नाही," मास्तर म्हणाले. "गॅसवर तासभर फिरवली. हूं नाही की चूं नाही."

मास्तर फक्त विसरलेला जॅक न्यायला आले होते. त्यांची गाडी तीन आठवडे मिस्त्रीच्या गॅरेजात होती. पेट्रोलवर झकास चालायची. गॅसवर घेतली की वीसेक मिनिटांनी, नेमका वेग कमी केला की, मान टाकायची. मिस्त्रीने गॅसचा फिल्टर बदलला, प्लग बदलले, स्क्रू फिरवून फिरवून गॅसचं प्रमाण शंभरदा लावलं. शेवटी मास्तर कंटाळले आणि गाडी पुलापलीकडे जाड्याकडे घेऊन गेले.

जाड्या म्हणजे मिस्त्रीचा एके काळचा भागीदार. गप्पांत पटाईत, कामात ढ. पण दोन महिन्यांपासून त्याच्याकडे कुणी नवा कारागीर आला होता, आणि मिस्त्रीची गिऱ्हाइकं एकेक करून पूल ओलांडत होती.

"काय होतं म्हणे?" मिस्त्रीने जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"रेड्यूसर गार पडत होता. गॅसचा दाब उतरवणारा तो डबा. त्याला इंजिनाचं गरम पाणी लागतं ना, त्याची नळी चोंदली होती. अर्ध्या तासात काम झालं. कारागीर काही दिसला नाही, जाड्यानेच चावी दिली."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. नळीच्या पट्टीवर, स्क्रूच्या डोक्यावर, एक जांभळा ठिपका होता.

हे मात्र जिव्हारी लागलं. हात लावलेल्या प्रत्येक स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे मागाहून कुणी फिरवला तर कळतं, ही मिस्त्रीची स्वतःची पद्धत. तो लाल रंग वापरायचा. सबंध गावात दुसरं कुणी हे करत नव्हतं. गिऱ्हाइकं पळवली ती पळवली, आता खूणही चोरली! त्याने ठिपका नखाने खरवडून पाहिला. तो रंग नव्हता. चमकी असलेलं नेलपॉलिश होतं.

ती चमकी तो रोज बघत होता. बायकोच्या बोटांवर.

लग्नाला अकरा वर्षं झाली, तिने कधी नखं रंगवली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अचानक सुरू झालं. "क्लासमधल्या सगळ्याच लावतात," ती म्हणाली होती. शिवणाचा क्लासही तेव्हाचाच, बारा ते चार. तिथून आली की आधी मोरीत जाऊन खसाखसा हात धुवायची. आणि ओठांवर एक हसू असायचं. त्या हसण्यानं मिस्त्रीच्या पोटात दुखायचं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतं.

त्याला आणखी एक आठवलं. एकदा जेवताना तो मास्तरांच्या गाडीला शिव्या घालत होता, तेव्हा ताटातून मान वर न करता ती म्हणाली होती, "बंद पडल्यावर रेड्यूसरला हात लावून बघितलात का? गार असतो का?"

"तू भाजीत मीठ किती पडलंय ते बघ," तो म्हणाला होता.

आता त्याच्या डोक्यात किडा वळवळला. हे शब्द तिच्या तोंडी आले कुठून? कुणीतरी कौतुकाने सांगत असेल, तेव्हाच ना?

लग्नानंतर पहिल्या वर्षी ती डबा घेऊन गॅरेजात यायची. तासभर बसायची, पाने हातात द्यायची. लोक टिंगल करायला लागले तेव्हा त्याने चारचौघांत सांगितलं, "हे बायकांचं काम नाही, घरी जा." ती पुन्हा कधी आली नाही. म्हणजे आता तशीच डबा घेऊन त्या दुसऱ्याच्या शेजारी बसत असणार. मिस्त्रीला भडभडून आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

तो तडक शिवणाच्या क्लासवर गेला.

"ती होय? दोन दिवस आली," क्लासवाल्या बाई म्हणाल्या. "मग म्हणाली, सुईदोऱ्यात जीव रमत नाही."

पूल ओलांडताना त्याच्या लक्षात आलं की गॅरेजातला पाना हातात तसाच राहिलाय. तो त्याने खिशात टाकला नाही.

जाड्या दारातच उभा होता. "अरे! किती वर्षांनी!" म्हणाला खरा, पण चेहरा उतरलेला.

"तुझा कारागीर कुठाय?"

"मी सांगणारच होतो रे तुला. पण मला शपथ घातली होती."

मिस्त्रीची नजर खुंटीवर गेली. तिथे बायकोची पर्स लटकत होती, शेजारी तिचा डबा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने जाड्याला बाजूला ढकललं आणि दारावर लाथ घातली.

आत कुणी नव्हतं. एक स्टूल, चहाचे दोन रिकामे कप आणि टेबलावर जांभळ्या नेलपॉलिशची बाटली.

"कुठाय तो?" मिस्त्री ओरडला. जाड्याने नुसती हनुवटी गॅरेजाच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीकडे वळवली. गाडीखाली खुडबुड चालू होती.

"बाहेर ये! बघू दे तरी एकदा तोंड!"

खुडबुड थांबली. गाडीखालून कोपरापर्यंत काळाकुट्ट झालेला एक हात बाहेर आला, तळवा वर करून.

"आलाच आहात तर दहाचा पाना द्या तेवढा," बायको खालून म्हणाली. "एकच नट राहिलाय."