डावा पाय

राजकुमारने व्हॅनच्या पुढच्या आकड्याला दोर बांधायला घेतला, तरी रंजीता बॉनेटसमोरून हलली नाही. तो शहरातल्या मोठ्या गॅरेजचा मिस्त्री. गाडी ओढून न्यायला आला होता. टायमिंग बेल्ट सरकला, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, इंजिन गेलं, आता गाडी मोडीत काढा, असा निकाल त्याने इंजिन न उघडताच देऊन टाकला होता. सुधाकररावांनी तो मुकाट मान्यही केला होता. रोज वांगी-टोमॅटो आदिलाबादच्या बाजारात पोचवणारी गाडी गेली की भाजीचा मळाही मोडायचा, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर सकाळपासून ते गाडीकडे बघतसुद्धा नव्हते.

रंजीता त्यांची सून. लग्नाआधी आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटारीचंच काम शिकलेली. ते प्रमाणपत्र पेटीत साड्यांखाली गेलं आणि चार वर्षांत घरातल्या शिलाई मशीनला तेल घालण्यापलीकडे कुणी तिला काही विचारलं नाही. आज तिने अर्धा तास मागून घेतला होता. तोही सासूच्या, बयनाबाईंच्या तोंडून, कारण या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. तिचा शब्द बयनाबाईंकडे जातो, तिथून सुधाकररावांकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. वाटेत काही सांडलं तर सांडलं.

झाकण काढल्यावर बेल्ट दोन दाते सरकलेला दिसला. तिने खुणेला खूण जुळवून तो परत चढवला, ताणला आणि पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. राजकुमार हसला. केसभर वाकलेला व्हॉल्व्हही हवा सोडतो, हाताने फिरवून काय कळणार, म्हणाला. म्हणणं खरं होतं, त्यामुळे तिला त्याचा धड रागही करता येईना.

मग तिने अंगणालगतच्या, नवऱ्याच्या पंक्चरच्या दुकानातून हवेची नळी ओढत आणली. प्लगच्या भोकातून आत हवा सोडायची. व्हॉल्व्ह धड असेल तर हवा आत राहील, वाकला असेल तर सायलेन्सरकडून नाहीतर एअर फिल्टरकडून निसटेल. हे बघायला आयटीआयमध्ये मीटर होतं. इथे ओसरीत यंदाचा कापूस होता. तिने एक चिमूट फिल्टरच्या तोंडाशी चिकटवली, दुसरी सासूच्या हाती देऊन त्यांना सायलेन्सरमागे बसवलं.

हवेच्या जोराने इंजिन फिरलं की धड व्हॉल्व्हही उघडतो, तसं ते फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये हवी होती. हँडब्रेक कधीचाच मेला होता, तेव्हा पायाचा ब्रेक दाबायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. सुधाकरराव बसले.

"आत्याबाई, मामाजीले म्हना, ब्रेक दाबून धरा, पन क्लचले पाय लावू नका," रंजीता म्हणाली.

"ब्रेक दाबा म्हन्ते," बयनाबाईंनी सांगितलं. जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या त्या बाईला बाकीचं बोलणं फालतू वाटलं असावं.

रंजीताने हवा सोडली. सायलेन्सरसमोरचा कापूस बयनाबाईंच्या बोटांतून सुटून थेट त्यांच्या नाकावर बसला.

कुणी हसलं नाही. राजकुमारने दोर उचलला. स्टिअरिंगवरचे सुधाकररावांचे हात सैल पडले. रंजीताने हवा बंद केली. चार वर्षांत एकदा तोंड उघडलं आणि हे असं झालं. पण नळी काढायला ती वाकली तेव्हा तिची नजर पुलीवर गेली. तिथे तिने खडूने ओढलेली रेघ जागेवर नव्हती. म्हणजे इंजिन फिरलं होतं. गिअरमध्ये असलेलं, ब्रेक लावलेलं इंजिन फिरेल कसं?

ती बॉनेटला वळसा घालून दारापाशी आली. सासऱ्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. डावा, तीस वर्षांच्या सवयीने, क्लचवर. चाकं अडली होती, इंजिन मात्र मोकळं सुटलं होतं.

सासू गाडीच्या मागे बसलेली. तिथवर हाक मारायची, मग निरोप तिथून इकडे येणार. तेवढा धीर तिला राहिला नव्हता.

"मामाजी," ती थेट त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "डावा पाय वर घ्या."

बयनाबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायचंही त्यांना सुचेना. सुधाकररावांनी सुनेकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. आणि जेवायला बसताना घालतात तशी त्या पायाची मांडी घालून तो सीटवर घेतला.

तिने गिअर काढून पुली फिरवली, रेघ जागेवर आणली, गिअर परत टाकला आणि हवा सोडली. कापूस हलला नाही. दुसऱ्या सिलिंडरला तसंच केलं, तेव्हाही हलला नाही. तिसऱ्याच्या वेळी राजकुमार आपण होऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला आणि त्याने आपला तळवा त्याच्या नळीच्या तोंडाशी धरला. चौथ्यालाही त्याच्या तळव्याला वारा लागला नाही. फिल्टरवरची चिमूट होती तशीच होती. एकही व्हॉल्व्ह वाकलेला नव्हता.

"इंजिन चांगलं हाये," राजकुमार उठत म्हणाला आणि दोर सोडून गुंडाळायला लागला. हे त्याने सुधाकररावांना नाही, रंजीताला सांगितलं.

तिने प्लग परत बसवले, पान्याने आवळले, हात लुगड्याच्या चिंधीला पुसले. आनंदाने तिला ओरडावंसं वाटत होतं, पण अजून गाडी सुरू व्हायची होती. सुधाकरराव तसेच मांडी घालून बसले होते. पायाला मुंग्या आल्या असणार, कारण ते जरा कुरकुरले. सवयीने मान वळवून त्यांनी बयनाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "पाय खाली सोडू का आता?"